वणव्यानंतरचे गाव : ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २००९ च्या वणव्यांनंतर झालेल्या लोकपुढाकारातील पुनर्बांधणीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आपत्तीचा इतिहास लिहिताना बहुधा आपत्तीच्या दिवसाचाच इतिहास लिहिला जातो. मृतांची संख्या, भस्मसात झालेली घरे, चौकशी आयोग व त्याच्या शिफारशी यांची नोंद तपशीलवार होते. त्यानंतरच्या आठ-दहा वर्षांत तेथील माणसांनी घर, शाळा, कुंपण आणि परस्परांवरील विश्वास पुन्हा कसा उभा केला, याची नोंद मात्र विखुरलेली राहते. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील व्हिक्टोरिया हे राज्य या उत्तरकाळाच्या अभ्यासासाठी महत्त्वाचे ठरते. १९३९, १९८३ आणि २००९ या तीन वर्षांत या राज्याने अतिशय संहारक वणवे अनुभवले आणि प्रत्येक वेळी पुनर्बांधणीचा मार्ग वेगळा राहिला. 'लोकांच्या नेतृत्वाखालील पुनर्बांधणी' ही संकल्पना ऑस्ट्रेलियाच्या आपत्ती-पुनर्वसनविषयक राष्ट्रीय तत्त्वांमध्ये २००९ च्या सुमारास समाविष्ट झाली व २०१८ च्या सुधारित तत्त्वांतही ती कायम राहिली.

तत्त्व म्हणून ही संकल्पना सर्वमान्य होण्यासारखी आहे. परंतु 'लोक' म्हणजे नेमके कोण, त्यांना कोणी निवडले, त्यांच्या हाती कोणते निर्णय आले आणि त्या कामाची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न तत्त्वाच्या शब्दांत सुटत नाहीत. त्यांची उत्तरे प्रत्यक्ष गावांच्या इतिहासातच शोधावी लागतात. प्रस्तुत निबंधात त्या दृष्टीने २००९ नंतरच्या घडामोडींचा परामर्श घेण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. व्हिक्टोरियातील वणव्यांनंतरच्या पुनर्बांधणीची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. २००९ नंतर शासकीय यंत्रणा व स्थानिक समित्या यांच्यातील संबंधांचे स्वरूप तपासणे.
३. लोकपुढाकाराचे यश व त्याच्या मर्यादा यांचे मूल्यमापन करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १९३९ ते १९८३

व्हिक्टोरियाच्या मूळ रहिवाशांना अग्नी परका नव्हता. ठरावीक ऋतूत, ठरावीक भागात सौम्य आग लावून भूमीची निगा राखण्याची त्यांची परंपरा हजारो वर्षांची होती. एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतवाद्यांनी त्यांची भूमी बळकावल्यानंतर ही परंपरा बहुतांशी खंडित झाली. वसाहतकऱ्यांनी जमीन साफ करण्यासाठी आणि कुरणांसाठी आग वापरली खरी. परंतु त्या भूमीचे व निलगिरीच्या जंगलांचे ज्ञान त्यांच्यापाशी नव्हते.

१३ जानेवारी १९३९ हा दिवस 'काळा शुक्रवार' म्हणून ओळखला जातो. त्या वर्षीच्या वणव्यांत व्हिक्टोरियात ७१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि ६९ सॉ मिल जळाल्या. यांपैकी अनेक सॉ मिल घनदाट जंगलात होत्या व त्यांच्याभोवती कामगारांच्या लहान वस्त्या वसलेल्या होत्या. न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांच्या चौकशी आयोगाने या आगी बहुतांशी मानवनिर्मित असल्याचे परखडपणे नमूद केले. त्यानंतर सार्वजनिक वनजमिनींवरील अग्निसंरक्षणाची जबाबदारी राज्याच्या वन आयोगाकडे सोपविण्यात आली आणि १९४५ मध्ये ग्रामीण भागासाठी स्वयंसेवकांवर आधारलेली 'कंट्री फायर ऑथॉरिटी' ही संस्था कार्यरत झाली.

१९३९ नंतरच्या पुनर्बांधणीचे एक वैशिष्ट्य येथे नोंदविणे आवश्यक आहे. जळालेल्या झाडांचे लाकूड वाया जाण्यापूर्वी बाहेर काढणे ही राज्याची तातडीची गरज होती. जंगलात रस्ते झाले, ट्रक आले आणि लाकूडकापणीचा व्यवसाय हळूहळू जंगलाबाहेरील गावांकडे सरकला. जंगलातील अनेक वस्त्या पुन्हा वसल्या नाहीत. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. तथापि, कोणती वस्ती राहावी आणि कोणती उठावी हा निर्णय वन आयोग व लाकूड उद्योग यांच्या गरजांनी घडविला. तेथे राहणाऱ्या कामगार कुटुंबांना त्यात फारसे स्थान नव्हते.

१६ फेब्रुवारी १९८३ रोजी व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत लागलेल्या वणव्यांत ७५ व्यक्तींचा बळी गेला. त्यांपैकी ४७ व्हिक्टोरियातील होत्या. या घटनेनंतर वणव्याच्या मानसिक आघाताचा पद्धतशीर अभ्यास होऊ लागला. आगीशी झुंजलेल्या स्वयंसेवकांवरही दीर्घकाळ परिणाम राहतो, हे त्यातून पुढे आले. घर बांधून झाले म्हणजे पुनर्वसन पूर्ण झाले, ही समजूत येथून ढळू लागली.

७ फेब्रुवारी २००९

२००९ च्या प्रारंभी व्हिक्टोरियात दीर्घकालीन अवर्षण होते. जानेवारीच्या अखेरीस मेलबर्न शहरात सलग तीन दिवस तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर राहिले. शनिवार, ७ फेब्रुवारी रोजी ते ४६.४ अंशांवर पोहोचले. त्या दिवशी वाऱ्याचा जोर प्रचंड होता. किलमोर ईस्ट येथे सकाळी पावणेबाराच्या सुमारास वीजवाहक तार तुटून आग लागली. वायव्येकडून येणाऱ्या उष्ण वाऱ्याने ती आग्नेय दिशेला लांबच लांब पट्ट्यासारखी पसरली. सायंकाळी वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागला आणि त्या पट्ट्याची संपूर्ण बाजूच आगीची नवी आघाडी बनली. या एकाच वणव्यात ११९ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. मरिंडिंडी येथील वणव्याने मेरीजव्हिल व परिसरातील ४० जणांचा बळी घेतला. राज्यात त्या दिवशीच्या वणव्यांतील मृतांची एकूण संख्या १७३ झाली. दोन हजारांहून अधिक घरे नष्ट झाली आणि ७८ गावे व वस्त्यांना थेट झळ पोहोचली.

माजी न्यायमूर्ती बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने जुलै २०१० मध्ये ६७ शिफारशींसह अंतिम अहवाल सादर केला. मृतांपैकी ११३ जण घरांमध्येच मरण पावले, हे आयोगाने नोंदविले. 'पूर्वतयारी करून घराचे रक्षण करा किंवा वेळीच बाहेर पडा' या प्रचलित धोरणाची त्यामुळे कठोर तपासणी झाली. ज्या घराच्या भरवशावर माणसे थांबली तेच घर घातक ठरले होते. पुनर्बांधणीच्या प्रत्येक चर्चेवर या वस्तुस्थितीची छाया होती; कारण त्याच जागी पुन्हा घर बांधावे काय, हाच तेथील पहिला प्रश्न होता.

शासकीय यंत्रणा व वेळेचा प्रश्न

वणव्यानंतर तिसऱ्याच दिवशी, १० फेब्रुवारी २००९ रोजी, 'व्हिक्टोरियन बुशफायर रिकन्स्ट्रक्शन अँड रिकव्हरी ऑथॉरिटी' या प्राधिकरणाची स्थापना झाली. राज्याच्या पोलीसप्रमुख क्रिस्टीन निक्सन यांच्याकडे त्याचे अध्यक्षपद आले. जनतेने दिलेल्या देणग्यांचा निधी ३७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक झाला. त्याच्या विनियोगासाठी राज्याचे माजी गव्हर्नर जॉन लँडी यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार मंडळ नेमण्यात आले. जळालेल्या बांधकामांचे अवशेष हटविण्याचे काम शासनाने एकाच मोठ्या कंत्राटाद्वारे जमीनमालकांकडून पैसे न घेता करून दिले. तीन हजारांहून अधिक जागा काही महिन्यांत मोकळ्या झाल्या.

शासनाचा हा वेग कौतुकास्पद होता. मात्र वेगाबरोबर एक अडचणही आली. मार्च २००९ मध्ये वणवाप्रवण क्षेत्रातील बांधकामाची नवी मानके लागू झाली. जागेचा उतार आणि झाडांपासूनचे अंतर पाहून प्रत्येक घराची धोकापातळी ठरू लागली आणि त्यानुसार काच, छप्पर, दारे यांचा खर्च वाढला. अनेकांचा विमा या वाढीव खर्चाला पुरणारा नव्हता. ज्या कुटुंबाने आप्त गमावले होते त्याला त्याच काळात विमा, परवाना, आराखडा, कर्ज आणि मुलांची शाळा यांविषयी निर्णय घ्यावे लागत होते. निधीला, प्रसिद्धीला आणि शासकीय वर्षाला ठरावीक मुदत असते. शोकाला ती नसते. शासनाचा वेळ आणि गावाचा वेळ यांतील हा फरक २००९ नंतरच्या बहुतेक मतभेदांच्या मुळाशी आढळतो.

प्राधिकरणाने बाधित भागांत ३३ स्थानिक पुनर्वसन समित्यांना मान्यता दिली. आपापल्या भागाची योजना तयार करून प्राधान्यक्रम ठरविणे हे त्यांचे काम होते. या समित्या एकाच साच्यातील नव्हत्या. काही आधीपासून अस्तित्वात असलेल्या स्थानिक संघटनांतून आल्या, तर काही प्राधिकरणाच्या आवाहनानंतर स्थापन झाल्या. पुढील दोन गावांची उदाहरणे हा फरक स्पष्ट करतात.

स्ट्रॅथ्यूएन : गावाने निवडलेली समिती

मेलबर्नच्या ईशान्येस डोंगरपायथ्याशी वसलेले स्ट्रॅथ्यूएन हे सुमारे दोनशे लोकवस्तीचे गाव. त्या शनिवारी तेथील २७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. बहुसंख्य घरांसह प्राथमिक शाळा आणि सार्वजनिक सभागृह जळून गेले. गावात दुकान नव्हते, बाजारपेठ नव्हती. लोकांना एकत्र आणणाऱ्या जागा म्हणजे शाळा, सभागृह व क्रीडांगण. त्यांतील दोन नष्ट झाल्या.

बाहेरून समिती नेमली जाण्यापूर्वीच, मार्च २००९ मध्ये, येथील रहिवाशांनी 'स्ट्रॅथ्यूएन कम्युनिटी रिन्यूअल असोसिएशन' स्थापन केली व मतदानाने आपले प्रतिनिधी निवडले. शासनाने पुढे याच संघटनेला अधिकृत स्थानिक समिती म्हणून मान्यता दिली. या क्रमाला महत्त्व आहे. दोनशे माणसांच्या शोकग्रस्त गावात मतदान घेणे ही औपचारिकता वाटू शकते. परंतु देणगीदार, कंत्राटदार, अधिकारी आणि पत्रकार रोज गावात येत असताना गावाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न मतदानामुळे सुटला. निर्णयाशी असहमत असणाऱ्यालाही तो निर्णय कोठून आला हे ठाऊक होते.

शाळेच्या मुलांची तात्पुरती सोय वॉटल ग्लेन येथील शाळेत झाली व पुढे शाळा स्ट्रॅथ्यूएनमध्येच पुन्हा उभी राहिली. सभागृहाच्या जागी कोणत्या प्रकारची वास्तू हवी, स्मारक कसे असावे, यांवर गावाने वेळ घेऊन विचार केला. २०१६ पासून स्ट्रॅथ्यूएन शाळा आणि आर्थर्स क्रीक–स्ट्रॅथ्यूएनचे अग्निशमन स्वयंसेवक यांनी वणव्याच्या शिक्षणाचा संयुक्त उपक्रम सुरू केला. त्यात वरच्या वर्गातील मुले वाऱ्याची दिशा, गवताचा कोरडेपणा व धोक्याची पातळी यांचा अभ्यास करतात आणि स्थानिकांच्या आठवणी ऐकून मातीच्या बाहुल्यांचे चलतचित्रपट बनवितात. वणव्याचे भय मुलांपासून लपविण्याऐवजी त्याचे ज्ञान त्यांच्या हाती देण्याचा हा मार्ग गावातूनच पुढे आला.

मेरीजव्हिल : वेग आणि वाट पाहणे

मेरीजव्हिलची परिस्थिती निराळी होती. सुमारे पाचशे लोकवस्तीचे हे जुने पर्यटनस्थळ अतिथिगृहे आणि दुकाने यांवर जगत होते. वणव्यात गावातील बहुतेक सर्व इमारती नष्ट झाल्या. रोजगारच गेल्याने रहिवाशांनी परतायचे कशासाठी, हा प्रश्न होता. शिवाय येथे मालमत्ता असलेले पण इतरत्र राहणारे लोकही बरेच होते. त्यामुळे गावाचा रहिवासी कोणाला म्हणावे याचेही उत्तर सोपे नव्हते.

शासनाने येथे पुढाकार घेऊन नगररचनेचा आराखडा तयार करविला व सार्वजनिक इमारतींच्या उभारणीस प्रारंभ केला. स्थानिक समितीने मेरीजव्हिलसह बक्स्टन, नारबेथाँग, टॅगर्टी या शेजारच्या गावांचाही विचार केला. नारबेथाँगचे नवे सभागृह हे त्या काळातील उल्लेखनीय काम होय. उडत्या ठिणग्या रोखण्यासाठी त्याच्या भिंतींबाहेर काशाच्या जाळीचे आवरण आहे. तथापि, सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या तरी माणसे सावकाश परतली. जनगणनेनुसार २०११ मध्ये मेरीजव्हिलची लोकसंख्या केवळ २२६ होती. २०१६ मध्ये ती ३९४ झाली. पर्यटनाला आधार देणारे मोठे हॉटेल व परिषद केंद्र २०१५ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी, सुरू झाले.

मेरीजव्हिल अपयशी ठरले असा निष्कर्ष यावरून काढणे अन्यायाचे होईल. ज्या गावाचा आर्थिक पायाच उखडला गेला तेथे शासनाच्या भांडवलावाचून गत्यंतर नव्हते. केवळ स्थानिक इच्छाशक्तीवर हॉटेल, शाळा आणि रस्ते उभे राहत नाहीत. दोन्ही गावांची तुलना करता असे दिसते की, लोकपुढाकाराला शासनाच्या साधनांची गरज होती आणि शासनाच्या साधनांना गावाच्या संमतीची.

कुंपणे, मैत्री व स्मारक

समित्यांच्या बाहेरही बरेच कार्य झाले. किलमोर ईस्ट येथील शेतकरी दांपत्य केव्हिन व रोंडा बटलर यांच्या शेताचे कुंपण जळाले होते. कुंपणाशिवाय मेंढ्या राखता येत नाहीत आणि नवे कुंपण घालणे एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. मदतीला आलेल्या स्वयंसेवकांनी ते काम अल्पावधीत पूर्ण केले. त्यातून 'ब्लेझएड' ही संघटना जन्मास आली आणि पुढे ऑस्ट्रेलियाभर वणवे व पूर यांनंतर शेतकऱ्यांची कुंपणे उभारू लागली. या मदतीचे स्वरूप लक्षणीय आहे. स्वयंसेवक शेतकऱ्याबरोबर दिवसभर तारा ताणतात, खांब रोवतात, जेवतात. समुपदेशकाकडे जाण्यास संकोचणारा माणूस त्या ओघात बोलू लागतो.

किंगलेक परिसरात स्थानिक स्त्रियांनी 'फायरफॉक्सेस' हे मंडळ स्थापन केले. कुटुंबाला सावरताना स्वतःकडे दुर्लक्ष झालेल्या स्त्रियांना एकत्र येण्यासाठी त्याने जागा दिली. व्हिटलसी येथे उभारलेला पोलादी निलगिरी वृक्ष हेही सामूहिक कृतीचे उदाहरण होय. जगभरातील लोहारांनी घडवून पाठविलेल्या हजारो पानांनी तो सजला असून अनेक पानांवर नावे व संदेश कोरलेले आहेत.

लोकपुढाकाराच्या मर्यादा

पहिली मर्यादा कार्यकर्त्यांच्या थकव्याची होय. समितीचे सदस्य स्वतः आपद्ग्रस्त होते. दिवसा उपजीविका, सायंकाळी सभा आणि मधल्या वेळात स्वतःचे घर असा त्यांचा दिनक्रम वर्षानुवर्षे चालला. मेलबर्न विद्यापीठाने २०१० पासून केलेल्या 'बियाँड बुशफायर्स' या दीर्घकालीन अभ्यासात स्थानिक गटांतील सहभाग मानसिक आरोग्यास उपकारक असल्याचे दिसून आले; मात्र एकाच व्यक्तीने फार गटांची जबाबदारी घेतल्यास तो लाभ कमी होत असल्याचेही आढळले. तीव्र झळ पोहोचलेल्या गावांत पाच वर्षांनंतरही दर पाच व्यक्तींमागे साधारण एका व्यक्तीत गंभीर मानसिक त्रासाची लक्षणे कायम होती. लोकांच्या नेतृत्वाची प्रशंसा करताना ते नेतृत्व विनावेतन आणि मोजक्याच खांद्यांवर होते, याचे विस्मरण होता कामा नये.

दुसरी मर्यादा अधिक वेदनादायक आहे. वणव्यानंतर काही कुटुंबांत स्त्रियांवरील हिंसा वाढल्याचे डेब्रा पार्किन्सन यांच्या संशोधनाने पुढे आणले. आगीशी शौर्याने झुंजलेल्या पुरुषाविरुद्ध तक्रार करणे स्त्रीला कठीण जाई आणि शेजारीही 'त्याच्यावर फार ताण आहे' असे समजून गप्प राहत. गावाची एकजूट ही पुनर्बांधणीची शक्ती होती. तीच एकजूट काहींच्या बाबतीत मौनाचे कारण ठरली.

तिसरी मर्यादा आर्थिक स्वरूपाची आहे. मरिंडिंडी या लहान स्थानिक स्वराज्य संस्थेला देणग्या आणि शासकीय निधीतून अनेक नव्या सार्वजनिक वास्तू मिळाल्या. परंतु त्यांच्या देखभालीचा खर्च तिच्या मर्यादित उत्पन्नावर पडला. तसेच भाडेकरूंकडे परत बांधण्यासाठी घरच नसल्याने, पुनर्बांधणी घरांच्या संख्येत मोजली की ते हिशेबातून गळतात. नुकसानभरपाईसाठी लोकांनी सामूहिक दावे लढविले. किलमोर ईस्ट वणव्याचा दावा २०१४ मध्ये सुमारे ४९ कोटी ४० लाख डॉलरला, तर मरिंडिंडी वणव्याचा २०१५ मध्ये ३० कोटी डॉलरला तडजोडीने मिटला. हा मोठा विजय होता. पण परतायचे की नाही हा निर्णय बहुतेक कुटुंबांना त्यापूर्वीच घ्यावा लागला होता.

पुढील काळ : मालाकूटा

२००९ च्या प्राधिकरणाचे काम जून २०११ मध्ये संपुष्टात आले. मात्र गावांनी मिळविलेला अनुभव संपला नाही. ३१ डिसेंबर २०१९ रोजी व्हिक्टोरियाच्या पूर्व टोकावरील मालाकूटा या किनारी गावात वणवा शिरला आणि सुमारे चार हजार लोकांना समुद्रकिनाऱ्याचा आश्रय घ्यावा लागला. अनेकांना नौदलाच्या जहाजातून बाहेर काढण्यात आले. २०२० मध्ये तेथील रहिवाशांनी मतदानाने 'मालाकूटा अँड डिस्ट्रिक्ट रिकव्हरी असोसिएशन' निवडली. नेमलेल्या समितीऐवजी निवडलेली समिती, हा स्ट्रॅथ्यूएनचा धडा अकरा वर्षांनी दुसऱ्या गावाच्या उपयोगी पडला. शासकीय अहवालांइतकेच गावांचे परस्परांना सांगणे हेही इतिहासाच्या संक्रमणाचे साधन असते, याचे हे उदाहरण होय.

निष्कर्ष

१. १९३९ नंतर वस्त्यांचे भवितव्य राज्य व उद्योगाच्या गरजांनी ठरविले. २००९ नंतर ते ठरविण्यात रहिवाशांना औपचारिक स्थान मिळाले. हा बदल एका दिवसात घडला नाही. आधीच्या आपत्तींतील उणिवांची जाणीव त्यामागे होती.

२. स्थानिक समितीची परिणामकारकता तिच्या अधिमान्यतेवर अवलंबून राहिली. गावाने प्रथम निवडलेल्या आणि शासनाने नंतर मान्य केलेल्या समितीला मतभेद पेलता आले.

३. लोकपुढाकार शासनाची जबाबदारी कमी करीत नाही. मेरीजव्हिलसारख्या ठिकाणी मोठ्या सार्वजनिक गुंतवणुकीवाचून पुनर्बांधणी अशक्य होती. शासनाकडून साधनांइतकीच वेळ देण्याचीही अपेक्षा होती.

४. गाव म्हणजे एकमुखी घटक नव्हे. भाडेकरू, हिंसाग्रस्त स्त्रिया आणि थकलेले कार्यकर्ते यांची स्वतंत्र दखल न घेणारी पुनर्बांधणी लोकांच्या नावाने होऊनही काही लोकांना वगळते.

व्हिक्टोरियात पुन्हा वणवे लागतील याविषयी तेथील कोणत्याही रहिवाशाच्या मनात संदेह नाही. त्यामुळे तेथील पुनर्बांधणीचा इतिहास हा पुढील वणव्याच्या पूर्वतयारीचाही भाग ठरतो. आग येण्यापूर्वी ज्या गावात शाळा, सभागृह आणि अग्निशमन दल यांच्या निमित्ताने माणसे एकमेकांना ओळखत होती, त्या गावाला आगीनंतर आपले प्रतिनिधी निवडण्यास एक महिना पुरला. हे संबंध कोणत्याही मदतनिधीतून उभे करता येत नाहीत. त्यांची जोपासना शांततेच्या काळातच करावी लागते.